हिरवं आहे तोवर

पहाटे बागेतला नळ सोडला आणि पाण्याच्या जागी नुसती हवा आली. ह्यात घाबरण्यासारखं काही नाही. दिवसाआड पाणी सुटायला लागल्यापासून अख्ख्या कॉलनीत सगळ्यांच्या नळाला आधी हवा येते, मग गढूळ पाणी, आणि नशीब बरं असेल तर मग स्वच्छ. पण त्या दिवशी मी पाईपाचं तोंड हातात धरून लॉनच्या कडेला उभी होते आणि ती हवा माझ्या तळव्यावर आली. कोमट, ओढून ओढून. मध्येच थांबायची, संपली म्हणावं तर परत यायची. मला ती ओळखीची वाटली. ओळखीची कसली, ऐकलेलीच होती मी, दोन वर्षांपूर्वी ह्याच वैशाखात, समोरच्या खोलीत आत्तींच्या उशाशी बसून. पाईप तिथंच टाकला, स्वयंपाकघरात आले आणि दाराला आतनं कडी घातली. मग कडी घातली म्हणून स्वतःवरच चिडले. पन्नाशी उलटलेली बाई, लेकीचं लग्न करून मोकळी झालेली, आणि नळाच्या हवेला भिते. पण कडी काही काढली नाही.

आत्ती म्हणजे माझ्या सासूबाई. नाव बाळाबाई, पण ह्यांचं आजोळ निपाणीपलीकडचं, त्यामुळं घरात निम्मी नाती कानडी. हे त्यांना अव्वा म्हणायचे, मी आत्ती. सासरे गेल्यावर पेठ वडगावजवळचं शेत भावकीला कसायला देऊन ह्यांनी त्यांना कोल्हापुरात आणलं, त्र्याण्णव-चौऱ्याण्णव साल असेल. ह्यांचं, म्हणजे आप्पासोंचं, शाहूपुरीत पंपांचं आणि पाईपचं दुकान. आमचा प्लॉट लांबोडका. एका टोकाला घर, दुसऱ्या टोकाला आत्तींसाठी बांधलेली खोली, मध्ये सगळं मोकळं. आत्तींना आमच्यात राहायचं नव्हतं. भांडण वगैरे नाही, पण आम्ही रात्री नऊला जेवणारी माणसं, त्या दिवस मावळायच्या आत. आम्ही नळाचं पाणी तसंच पिणार, त्या पितळी लोट्याच्या तोंडावर दुहेरी फडकं धरून गाळणार. माझं मी बघते, तुमचं तुम्ही बघा, म्हणाल्या. दिवसातनं दहा वेळा खोलीतनं स्वयंपाकघरात यायच्या, माझ्या भाकरीला नावं ठेवायच्या, ताकाचा तांब्या घेऊन परत जायच्या. मला त्यांचा राग यायचा आणि त्या आल्या नाहीत तर चुकल्यासारखं व्हायचं. दोन्ही खरं.

मधल्या मोकळ्या जागेत लॉन करायचं खूळ ह्यांचं. पुण्यात कुणा मोठ्या गिऱ्हाइकाच्या बंगल्यावर पाहून आले आणि डोक्यात बसलं. लाल माती आणली, शेणखत आणलं, गवताचे गड्डे पोत्यांतनं आले आणि ज्ञानू माळी ते बोटभर अंतरावर टोचत बसला. आत्ती खोलीच्या उंबऱ्यावर बसून बघत होत्या. शेवटी राहवलं नाही. म्हणाल्या, "जल्मभर उसातली हरळी खुरपून माझी बोटं वाकडी झाली, आन आमचं पोरगं पैसं मोजून गवत लावतंय. तुझा बा असता तर तुलाच उपटून टाकला असता." हे हसले. हसताना हे अगदी आत्तींसारखे दिसतात, म्हणजे हसायचे तेव्हा दिसायचे.

गवत धरलं, पावसाळ्यात दाट झालं, आणि मग कळलं की आत्ती त्याच्यावर पाऊल टाकत नाहीत. आमच्या जैनांत महाराज लोक हिरव्यावर पाऊल टाकत नाहीत, ते सगळ्यांना ठाऊक असतं. गवतात जीव आहे, पायाखाली जीव मरतो. पण घरादारातल्या बायका एवढं कुठं पाळतात. आत्ती पाळायच्या. खोलीपासून स्वयंपाकघरापर्यंत सरळ आल्या असत्या तर ही एवढीशी वाट, पण त्या कंपाउंडाच्या कडेनं, शहाबादी फरशीवरनं, गुडघे धरत धरत सगळा वळसा घालून यायच्या. मी म्हटलं, अहो आत्ती, आयुष्यभर खुरपलंत की तुम्ही गवत. तर म्हणाल्या, "तवा पोटासाठी केलं. त्येचं पाप हाय ते भोगीन. आता उगंच कशापायी?" ज्ञानू कटिंग करायला आला की खिडकी लावून घ्यायच्या.

एक उन्हाळा मात्र वेगळा झाला. सत्त्याण्णवचा असेल. आम्ही हातकणंगल्याला माझ्या बहिणीकडं लग्नाला गेलो आणि तिथनंच पुढं श्रवणबेळगोळला. आत्तींनी खोली सोडली नाही. ज्ञानूला पाणी मारायला सांगून गेलो होतो, तो पठ्ठ्या तिकडं फिरकलाच नाही. परत आलो तर लॉन सगळं पिवळं, हात लावला की मोडतंय. ह्यांनी कपाळाला हात लावला. आणि आत्ती, त्या बरोब्बर लॉनच्या मधोमध उभ्या होत्या. अनवाणी. नऊवारीचा काष्टा, डोक्यावर पदर, आणि तोंडावर लहान पोरीसारखं हसू. मला म्हणाल्या, "आलीस व्हय पावणं फिरून? बग, आता चालतंय. वाळलंय न्हवं. जीव गेला त्येचा, आता पाऊल टाकलं तर काय न्हाय." आणि सरळ, ताठ, गवत कुरकुर वाजवत माझ्या पुढ्यातनं स्वयंपाकघराच्या पायरीपाशी येऊन बसल्या. तो सगळा उन्हाळा त्या तशा येत होत्या. सकाळी कडीचा आवाज व्हायच्या आत पायरीवर येऊन बसलेल्या असायच्या, आणि मी दार उघडलं की म्हणायच्या, "आण ताक." मग ह्यांनी स्वतः पाईप हातात घेतला, रोज मन लावून पाणी मारलं, पहिल्या वळवानंतर लॉन परत हिरवंगार. आत्ती पुन्हा फरशीच्या वाटेला लागल्या. "आप्पा, माझी वाट मोडलीस की रं," एवढंच म्हणाल्या. हे बिचारे ओशाळले, पण पाणी मारायचं सोडलं नाही. तेव्हापासनं लॉनचं पाणी ह्यांच्याकडं. दुकानातनं आले की चहासुद्धा नंतर, आधी पाईप.

दोन हजार एकच्या फेब्रुवारीत आत्तींच्या घशाखाली घास उतरेनासा झाला. मिरजेला नेलं, तपासण्या केल्या, डॉक्टरांनी ह्यांना बाजूला घेऊन सांगितलं ते मला ह्यांच्या चेहऱ्यावरनंच कळलं. वय ऐंशीच्या पुढं. चिरफाड नको म्हणाले डॉक्टर. आत्तींना कुणी काही सांगितलं नव्हतं, पण गाडीत बसल्यावर त्याच म्हणाल्या, "आता मला महाराजांच्याकडं न्या." सल्लेखना घ्यायची होती त्यांना. एकेक सोडत जायचं, आधी अन्न, मग दूध-ताक, मग नुसतं पाणी, शेवटी पाणी पण. मरण टाळता येत नाही म्हटल्यावर त्याला शुद्धीवर सामोरं जायचं. आमच्यात हे मोठं पुण्याचं, आणि घरच्यांनी परवानगी द्यावी लागते. महाराजांनी ह्यांना विचारलं, तुमची संमती आहे का. हे किती वेळ खाली बघत बसले. मग मान हलवली. मी मागं बसले होते, मला वाटलं, निदान रड की रे बाबा.

अन्न तसंही जात नव्हतं. ताक सुटलं तेव्हा मला वाईट वाटलं, कारण आमचं सासू-सुनेचं सगळं बोलणं त्या ताकावरनंच चालायचं. आणि चैत्र संपता संपता त्यांनी पाणी सोडलं. ऊन असं की फरशीवर पाय ठरत नव्हता. समाजातल्या बायका आळीपाळीनं यायच्या, णमोकार मंत्र म्हणायच्या, गाव लोटत होतं दर्शनाला. सगळे पाया पडून, धन्य झालो म्हणून जायचे. आणि इकडं हे काय करत होते? संध्याकाळी दुकानातनं यायचे, कपडे न बदलता पाईप घ्यायचे आणि आत्तींच्या खिडकीखाली उभे राहून लॉनवर पाणी मारत बसायचे. तासन् तास. त्याच खिडकीखाली. पाणी पानांवर पडल्याचा आवाज, मातीचा वास, थंडावा, सगळं आत येत होतं, आणि आत जिनं पाणी सोडलंय ती बाई ओठांना भेगा पडून पडलेली. मी दात-ओठ खात होते. आई मरायला टेकलीय आणि ह्याला गवताची पडलीय. एकदा म्हटलंही, जरा घराच्या बाजूला मारा की पाणी. हे म्हणाले, "हितलं वाळलंय." कुठं वाळलं होतं? चिखल झाला होता त्या खिडकीखाली. तेव्हापासनं माझ्या मनात ह्यांच्याबद्दल जी अढी बसली ती बसली.

शेवटच्या संध्याकाळी खोलीत मी एकटी होते. दिवस मावळायच्या आत जेवून घ्यायचं म्हणून सगळ्या बायका आपापल्या घरी गेल्या होत्या. आत्तींचा श्वास चालला होता, तो मघाशी सांगितला तसा. थांबायचा, संपला म्हणावं तर परत यायचा. बाहेर ह्यांचं पाणी. आणि आत्तींनी डोळे उघडले. माझ्याकडं नाही बघितलं, खिडकीकडं बघितलं. ओठ हलले, आवाज नाही. मग उजवा हात अंथरुणावरनं उचलला. एवढं बळ कुठनं आणलं देव जाणे. खिडकीच्या दिशेनं हात धरला, बोटं मिटली आणि सोडली. मिटली आणि सोडली. मग हात खाली पडला. मी काय समजायचं? मी समजले ते समजले. त्यांना त्या आवाजाचा त्रास होतोय, व्रत जड जातंय, बंद कर म्हणतायत. दुसरं काही मनात येणं शक्यच नव्हतं त्या वेळी. मी तरातरा बाहेर गेले आणि ह्यांना म्हटलं, "अहो, बंद करा ते. आत्ती बंद करा म्हणतायत."

हे माझ्याकडं बघत राहिले. पाण्याची धार त्यांच्या स्वतःच्या चपलेवर पडत होती. "अव्वा म्हंतीया?" म्हणाले. मी म्हटलं, "व्हय." ह्यांनी पाईप मुठीत मुडपला, तसाच धरून नळापर्यंत गेले आणि नळ बंद केला. दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता आत्ती गेल्या. समाधी झाली म्हणायचं, गेल्या म्हणायचं नाही. बसवून, सजवून, पालखीतनं नेलं त्यांना, शाहूपुरीतली निम्मी दुकानं बंद होती. महाराज बोलले, शेवटच्या श्वासापर्यंत अढळ राहिलेली श्राविका. हे हात जोडून उभे, डोळ्यांत टिपूस नाही. त्या दिवसानंतर ह्यांनी पाईपाला हात लावला नाही. आत्तींच्या खोलीत पंपांची खोकी येऊन पडली आणि लॉनचं पाणी माझ्या गळ्यात.

मी शिकले सगळं. उन्हाळ्यात लॉनला रोज थोडं थोडं पाणी दाखवून भागत नाही. एक दिवसाआड द्यावं पण पोटभर द्यावं, म्हणजे मुळं खाली जातात. भर दुपारी घालायचं नाही, गवत शिजतं. कटिंग आखूड करायचं नाही, जरा वाढू दिलं की आपल्या बुडाशी आपणच सावली धरतं. शिकले, आणि पाईप हातात धरून रोज तिथं उभं राहायला लागले तेव्हा पहिल्यांदा मनात आलं. खिडकीखाली उभी होते, आणि सहज, अगदी सहज, आत्तींनी केला तसा हात मी करून बघितला. बोटं मिटली, सोडली. घरात जाऊन आरशापुढं केला. बंद कर म्हणताना माणूस हात असा करतो? का तळवा आडवा धरून हलवतो? तान्हं पोर दुधासाठी हात करतं तो कसा करतं? आमची लेक आदिती तान्ही असताना तांब्याकडं बघून बोटं अशीच मिटायची, सोडायची. मला ते आठवलं आणि मी आरशापुढनं उठले. नंतर कितीदा तो हात केला असेल मी. पदराखाली, बाजारात, लोकांच्यात बसले असतानासुद्धा. कधी वाटायचं बंद कर. कधी वाटायचं आण.

आणि आता हा दुष्काळाचा उन्हाळा. दोन वर्षं पाऊस पळाला, नदीचा तळ दिसायला लागला. पाणी दिवसाआड, ते पण करंगळीएवढं. लॉन पिवळं पडायला लागलं आणि ते कुठनं सुरू झालं असेल? आत्तींच्या खिडकीखालनं. तिथनं मग खोलीच्या दारापर्यंत, मग मधोमध. आधी मला नुसती हळहळ वाटली. मग एका सकाळी पायरीवर चहा पीत बसले होते तेव्हा लक्षात आलं की पिवळं माझ्याकडं येतंय. वाळलं की चालतं. आत्तींचंच वाक्य. हिरवं आहे तोवर त्या पाऊल टाकणार नाहीत, आणि फरशीच्या वाटेनं वळसा घालायला आता गुडघे कुठले. पण वाळलं की सरळ येतील, ताठ, कुरकुर वाजवत. पायरीवर बसतील आणि म्हणतील, आण. ताक नाही म्हणणार, पाणी म्हणतील. लोक म्हणतील बाईचं डोकं फिरलं, म्हणू देत. मला काय वाटलं ते मी सांगते.

तेव्हापासनं माझं एकच काम. तांदूळ धुतलेलं, भाजी धुतलेलं पाणी, आंघोळीला बसताना खाली घमेलं ठेवून साबणाआधीचं पाणी, सगळं पायरीपुढच्या गवताला. सगळं लॉन काही वाचवता येणार नव्हतं, तेवढं डोकं शाबूत होतं. पायरीपुढं ह्या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत एक पट्टा हिरवा ठेवायचा, बास. त्यांना ओलांडता येणार नाही एवढा रुंद. मी पातेल्यातनं वाटी वाटीनं पाणी घालायचे. शेजारच्या शालूबाई कंपाउंडावरनं बघायच्या. एकदा म्हणाल्या, "वैनी, माणसांस्नी प्यायला न्हाई आन तुम्ही गवताला पाजताय व्हय?" खरंच होतं. लाज वाटली. दुसऱ्या दिवशी त्या उठायच्या आत घातलं. आदिती फोनवर म्हणाली, आई, काढून टाक ना ते लॉन, किती त्रास करून घेतेस. मी म्हटलं, पाऊस पडेस्तोवर. पाऊस पडला की सगळं हिरवं होईल, मग भीती नाही. हे शेवटचं मी तिला नाही म्हटलं. पट्टा मात्र दर आठवड्याला अरुंद होत चालला. आणि पलीकडं वाळल्या गवतावर खोलीच्या दारापासनं एक फिकट रेघ दिसायला लागली, चालून चालून पडते तशी. येऊन हिरव्याच्या काठाशी थांबलेली. मांजर असेल. मांजरंच आहेत कॉलनीत ढीगभर.

नळाच्या हवेचा प्रकार झाला त्याच आठवड्यातल्या रविवारी हे कृष्णात नावाच्या एका माणसाला घेऊन आले. फरशीचे ठोकळे बसवायचं काम करतो म्हणे. मला विचारलं नाही, सवरलं नाही. कृष्णातनं टेप काढली आणि लांबी-रुंदी घेत सुटला. "वैनीसाब, असं चकाचक करून देतो. धूळ न्हाय, पाणी न्हाय, गाडी लावा न्हायतर नातवाचं बारसं करा." बोलता बोलता मागं सरकला तो माझ्या हिरव्या पट्ट्यावर, चपलेसकट. मी म्हटलं, "त्याच्यावरनं उतरा." माझा आवाज मलाच अनोळखी वाटला. तो बिचारा उडी मारूनच बाजूला झाला आणि ह्यांच्याकडं बघायला लागला. ह्यांनी त्याला चहा पाजून वाटेला लावलं. मग आत येऊन मला म्हणाले, "काय लावलंयस हे? लोकांच्या देखत?"

आणि मग माझा बांध फुटला. दोन वर्षं तुंबलेलं होतं. म्हटलं, "तुम्हाला आता गवत नकोसं झालं व्हय? आत्ती तिथं पाण्यावाचून पडल्या होत्या तेव्हा बरा गवताचा पुळका होता. त्यांच्याच खिडकीखाली पाईप घेऊन रोज तास तास. मरणाऱ्या माणसाला ऐकवत होता पाणी. कसाई तरी बरा."

मला वाटलं होतं हे ओरडतील. आवाज मोठाच आहे ह्यांचा, दुकानात पंप चालू असताना बोलायची सवय. पण हे स्वयंपाकघराच्या दारातनं पायरीवर जाऊन बसले, माझ्याकडं पाठ करून. मग म्हणाले, "ऐकवतच होतो."

"म्हंजे?"

"मागंल म्हणून. महाराजांच्या पुढं मान हलवली मी, तिथंच माझं चुकलं असं वाटायला लागलं. पण तिला कुठल्या तोंडानं म्हणू, सोड म्हणून? जल्मभर पाळत आली सगळं, ते शेवटाला मी मोडू? म्हटलं, तिचं तिनं मागितलं तर मोडलं म्हणायचं न्हाय. पाण्याचा आवाज आला की तहान लागतीच की माणसाला. एक डाव पाणी म्हणली असती, नुसता हात केला असता, तर आख्खा समाज आडवा आला असता तरी मी पाजलं असतं. रोज तेवढ्यासाठी हुबा ऱ्हायचो. चपला चिखलात रुतायच्या. न्हाय हाक मारली तिनं."

नुसता हात केला असता तर, म्हणाले होते हे. अगदी हेच शब्द.

"आन मग तू आलीस बाहेर. अव्वा बंद करा म्हंतीया म्हणून सांगितलंस. तवा माझ्या जिवाला थंड वाटलं बग. म्हटलं, पक्की हाय म्हातारी. मी एवढा झुलवतोय आन ही बंद कर म्हंतीया. नळ बंद केला तो त्या दिवशी. मग पाईप हातात धरवलाच न्हाय." ह्यांनी तळवे गुडघ्यांवर पुसले. "तेवढ्यावर जगलोय मी, त्रिशला. न्हायतर याड लागलं असतं." आणि मग मागं वळले. ह्यांचे डोळे मी कधी असे बघितले नव्हते, लहान पोराचे. म्हणाले, "कशी म्हणली गं ती? परत एकदा सांग. आवाज होता का? का नुसता हात केला?"

स्वयंपाकघरात पातेल्यात मी गवतासाठी साठवलेलं तांदळाचं पाणी होतं, त्यावर माशी फिरत होती. मी त्या माशीकडं बघितलं. खरं सांगायचं तर मला खरं सांगायचं होतं. दोन वर्षं एकटीनं वागवलेलं, आता वाटून घ्यायला हा माणूस समोर बसलाय, माझाच माणूस. पण मी ते सांगितलं असतं तर माझं ओझं हलकं झालं असतं आणि हे जिवंतपणी मेले असते. मी म्हटलं, "आवाज होता की. चांगल्या बोलल्या."

"काय म्हणली?"

"म्हणाल्या, आप्पाला सांग, बंद कर आता."

"आप्पा म्हणली?"

"व्हय."

ह्यांनी मान खाली घातली. मग "झालं तर" म्हणाले, उठले, बेसिनपाशी गेले. नळाला पाणी नव्हतं, तर माझ्याच पातेल्यातलं ओंजळभर घेऊन तोंडावर मारलं. मी टॉवेल दिला. तोंड पुसता पुसता म्हणाले, "ऱ्हाऊ दे तुझं गवत. कृष्णातला न्हाय म्हणून सांगतो." मी म्हटलं, नको, येऊ दे त्याला. फक्त पाऊस पडेस्तोवर थांबू दे, मग काय ते ठोकळे घाला. हे म्हणाले, बरं.

त्या रात्री हे गाढ झोपले, घोरत होते. मी नाही झोपले. माझ्या ह्यांच्याबद्दलच्या अढीला आता धरायला काही राहिलं नव्हतं, आणि ती गेली तर तिच्या जागी काही तरी यावं, ते काय ते कळेना. माया आली, पण ती अशी की तिला सांगायला तोंड नाही. ज्या हाताची हा माणूस वाट बघत चिखलात उभा होता तो हात झाला होता, आणि तो फक्त मी बघितला. आता विचारायचं कुणाला? ह्यांना विचारायचं दार मी माझ्या हातानं लावून घेतलं. महाराजांना विचारलं तर ते आत्तींना अढळ म्हणणार. शालूबाईंना विचारलं तर त्या गावभर करणार. उरलं कोण. ज्यांनी हात केला त्याच.

मी पट्ट्याला पाणी घालायचं बंद केलं. त्या दिवसापासनं, एक वाटीसुद्धा नाही. तांदळाचं पाणी शालूबाईंच्या तुळशीला दिलं, त्या बघतच राहिल्या. ऊन असलं की गवताला किती वेळ लागतो, आधी टोकं, मग पात्याची कड, मग एका सकाळी बघावं तर हिरवं नाव नाही. खोलीच्या दारापासनं पायरीपर्यंत सगळं एकसारखं पिवळं. पाय टाकून बघितला, कुरकुर वाजलं. आकाशात पश्चिमेला ढग यायला लागले होते, पण ते अजून वांझ होते. मृग आठ-पंधरा दिवसांवर. एकदा पडला की परत हिरवं होणार, त्यांना यायचं जमायचं नाही, मग ठोकळे बसणार. तेवढाच अवधी होता माझ्याकडं.

माळ्यावरनं आत्तींचा पितळी लोटा काढला, चिंचेनं घासला. त्यांचं फडकं सापडलं नाही, माझ्या जुन्या वायलच्या साडीचं फाडून दुहेरी केलं. उजाडता उजाडता उठले, हे अजून झोपलेले होते. बागेतला नळ सोडला. हवा आली, तीच, ओढून ओढून, थांबणारी आणि परत येणारी. मी बंद केला नाही, पाईपाचं तोंड धरून ऐकत राहिले, आणि मग पाणी आलं. ते धारेनं फडक्यावर घेऊन लोट्यात गाळलं, आत्ती गाळायच्या तसं, घाई न करता. लोटा पायरीवर ठेवला. स्वयंपाकघराची कडी काढली आणि दार सताड उघडं टाकलं. भीती होतीच, नाही कशाला म्हणू. पण मला विचारायचं होतं. आत्ती, तो हात कशाचा होता एवढं मला सांगा, मग मला काय शिव्या घालायच्या त्या घाला.

समोर खोलीचं दार बंद होतं. मी लोट्यावर ताटली झाकली आणि पायरीवर एका कडेला सरकून बसले, शेजारी एक माणूस बसेल एवढी जागा सोडून.